एकोणीस नंबरचा लिंब

रविवारी सकाळी पावणेसातला माझा फोन वाजला तेव्हा मी साताऱ्यात लेकीच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिच्या गॅसच्या शेगडीला नावं ठेवत होते. फोनवर शैलाचं नाव बघून मला आधी रागच आला. रविवारी पावणेसात ही काय फोन करायची वेळ झाली? ही हजेरीची वेळ. शैलाचं सांगलीत विश्रामबागेत औषधांचं दुकान आहे आणि ती दिवसभर अखंड बोलत असते, पण त्या दिवशी "बाई" एवढंच म्हणाली. "अगं बोल की," मी म्हटलं. "बाई, सुभेदार गेले... पहाटे, झोपेतच. आम्ही सगळे येऊन चौकात उभे राहिलो, साडेसहा झाले, वर पाच-सात मिनिटं गेली, ते काही येईनात. कधी उशीर नाही ना त्यांना. म्हणून घरी गेलो, तर..." पुढचं मला ऐकू आलं नाही. दूध उतू गेलं, ते मी पुसून काढलं, शेगडी लख्ख केली आणि मग खाली बसले. त्या माणसाला सांगायचं एक वाक्य बारा दिवसांपासून माझ्या तोंडात तयार होतं. येत्या गुरुवारी मी सांगलीला जाणार होते आणि समोर उभी राहून ते सांगणार होते.

सुभेदार हणमंतराव मूळचे कडेगावजवळच्या एका गावचे. घरचा ऊस, भावाभावांत वाटलेली जमीन, आणि दर पिढीत एक-दोघं सैन्यात, असं ते घर. निवृत्त झाल्यावर मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून ते विश्रामबागेत आमच्या गल्लीत राहायला आले, मुलं शिकून पुण्याला गेली आणि हे इथंच राहिले. मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे सगळ्या जगाला मी 'बाई'. एक दिवस फाटकाची कडी वाजली. बाहेर उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस, हातात टिकाव. "आवं बाई, तुमच्या दारात एक खड्डा मारू का?" मी म्हटलं, "माझ्या दारात कशाला? रस्त्यात आधीच काय कमी आहेत?" त्यावर ते एवढ्या मोठ्यांदा हसले की आमचे हे हातातला पेपर तसाच घेऊन बाहेर आले. मग समजलं. पालिका रोपं द्यायला तयार होती, पण खड्डा, पाणी आणि राखण गल्लीतल्या लोकांनी करायची अशी बोली होती, आणि सुभेदार घरोघर माणसं गोळा करत फिरत होते. ह्यांनी लगेच हो म्हटलं. ह्यांचा स्वभावच तसा, कुणालाही नाही म्हणायचं नाही. नाही म्हणायचं खातं घरात माझ्याकडे होतं.

अशी ती रविवारची पलटण उभी राहिली. एक निवृत्त पोस्टमन, दोन प्राध्यापक, शैला, कॉलेजातल्या चार-पाच मुली, एक रिक्षावाले काका आणि मी. लोक आम्हाला हसायचे. हसण्यासारखंच होतं, कारण सुभेदार दर रविवारी बरोबर साडेसहाला चौकात आम्हाला एका रांगेत उभं करायचे आणि हजेरी घ्यायचे. आमची नव्हे, झाडांची! प्रत्येक झाडाला नंबर, प्रत्येक नंबराला माणूस. त्यांनी "सात!" म्हटलं की सात नंबरवाल्यानं आदल्या दिवशी झाड बघून आलेलं असलं पाहिजे आणि सांगितलं पाहिजे, हजर, की आजारी, की गेलं. पाणी घातलं नसेल, म्हशीनं शेंडा खाल्ला असेल, वायरमननं फांदी तोडली असेल, तर ते तिथंच सगळ्यांसमोर सांगायचं. त्रेसष्ट झाडं, आणि हातात कागद नाही. सगळं पाठ. मी एकदा म्हटलं, "सुभेदार, मी जन्मभर हजेऱ्या घेतल्या, पण झाडांची हजेरी घेणारा पहिलाच माणूस बघतेय." तर म्हणाले, "बाई, तुमची पोरं गैरहजर ऱ्हायली तर घरी असत्यात. ही गैरहजर ऱ्हायली की मेली म्हनून समजायचं." माझ्या गुडघ्यांचं कौतुक सगळ्यांना ठाऊक, म्हणून मला झाड एकच, आणि तेही माझ्याच दारातलं. पण आमचं घर चौकाच्या कोपऱ्यावरचं आणि हजेरी बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. त्यामुळे सुरुवातीला चहाही माझ्याकडेच असायचा.

एक गोष्ट मात्र माझ्या मास्तरकीच्या डोळ्यातून सुटली नव्हती. एक नंबरला कुणीच उत्तर द्यायचं नाही. सुभेदार स्वतःच "एक!" म्हणायचे आणि स्वतःच "हजर" म्हणायचे. ते झाड म्हणजे त्यांच्या दारातला करंज. दुसऱ्या कुणाला तो नंबर त्यांनी दिलाच नाही. मी एकदा विचारलं तेव्हा टिकावाची माती खरवडत म्हणाले, "धाकट्याचं हाय. संपतचं." संपत त्यांचा धाकटा भाऊ. तोही सैन्यात होता आणि तिकडेच कामी आला, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण सुभेदार त्यावर कधी बोलायचे नाहीत. मी म्हटलं, "मग त्याच्या नावाची पाटी तरी लावा की पिंजऱ्यावर. सगळ्यांच्या आहेत." त्यांनी मान हलवली. "पाटी कशाला, बाई? दर आयतवारी हाक मारतो की त्याला." मला ते तेव्हा नुसतं चांगलं वाटलं. समजलं असं म्हणणार नाही.

पिंजऱ्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच झालं. रोपाभोवती जी लोखंडी जाळी लावतात तिला आम्ही पिंजरा म्हणतो. सुभेदारांना सगळं मजबूत लागायचं. जाड सळईचे, माणसाच्या उंचीचे, पाय सिमेंटात रोवलेले पिंजरे त्यांनी करून घेतले. "म्हस काय, रणगाडा आला तरी हलायचा न्हाई," असं छातीवर हात मारून सांगायचे. आणि आमच्या भागातली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. देवळाला पंखा दिला तरी पात्यावर नाव, बाकडं दिलं तर पाठीवर नाव, जेवणाचं ताट दिलं तर त्याच्या काठावर नाव. मग पिंजरा तरी नावाशिवाय कसा राहील? ज्यानं त्यानं आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पिंजरा दिला आणि वेल्डिंग करून त्याला पत्र्याची पाटी लावली. आई, वडील, सासरे, कुणाची आत्या. आमच्या बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, बायकांनी तर अहमहमिकेनं सहा पिंजरे दिले. गल्लीतून चाललं की सगळी गेलेली माणसं दोन्ही बाजूंना ओळीनं उभी असावीत असं वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

आमचे हे गेले त्या वर्षी माझ्या दारातलं पहिलं झाड वठलेलं होतं. ह्यांनी हौसेनं मागून घेतलेला तो बकुळ काही धरला नाही. ह्यांच्या दिवसांत सुभेदार रोज संध्याकाळी येऊन नुसते ओट्यावर बसायचे. दिवस झाल्यावर एका रविवारी ते लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, रोप घेऊन आले. म्हणाले, "बाई, एकोणीस नंबरची पोस्ट रिकामी हाय. भरूया का?" आम्ही दोघांनी मिळून ते रोप लावलं. म्हणजे लावलं त्यांनी, मी नुसती रोप धरून रडत होते. पिंजरा मी दिला. पाटीवर 'कै. आदिनाथ मगदूम यांच्या स्मरणार्थ' असं लिहून घेतलं आणि अक्षर चांगलं यावं म्हणून पेंटरला दोनदा परत पाठवलं. रोज सकाळी खिडकी उघडली की समोर ते नाव. चहा ठेवताना मी त्या नावाशी बोलायचे. वीज गेली, दूधवाला आला नाही, लेकीचा फोन आला, सगळं. लिंब भराभर वाढला. तिसऱ्या पाडव्यापासून गुढीला डहाळी त्याचीच, आणि गूळ-लिंबाची गोळीही त्याच्याच पाल्याची. नऊ वर्षांत तो माझ्या गच्चीच्या वर गेला.

आणि पिंजरा तसाच राहिला. फक्त माझाच नव्हे, सगळ्यांचेच. झाड मोठं झालं की जाळी काढायची असते हे काय आम्हाला कळत नव्हतं? पोस्टमनला कळत होतं, प्राध्यापकांना कळत होतं. मी तर वर्गात खोडाची वर्तुळं फळ्यावर काढून शिकवलेली बाई! पण जाळीवर बापाचं नाव. ती कुणी, कोणत्या तोंडानं कापायची? कुणी बोललंच नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास चार नंबरच्या करंजाचा शेंडा सुकायला लागला. सुभेदारांनी खाली वाकून बघितलं तर वरची कडी खोडात पार रुतून बसली होती. त्यांनी ती लोखंड कापायच्या करवतीनं कापली, आणि खाली झाडाची साल काळी पडलेली, चिकट पाणी गळतंय... त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "बाई, राखणीला म्हनून आपून बशीवलं," ते म्हणाले, "आन त्येनंच गळा धरला. माजी चूक हाय. मीच सांगितलेलं, जाड सळई घ्या म्हनून." आत गेलेला एक तुकडा निघेना, तो उपसायला गेलेल्या प्राध्यापकांचा हात त्यांनी धरला. "आत गेल्यालं ऱ्हाऊ द्या. ते आता झाडाचंच."

दुसऱ्या दिवसापासून करवत आपल्या जुन्या फौजी पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, टाकून ते घरोघर जायला लागले. परवानगी मागायला. लोक आधी कां कू करायचे, मग झाड बघून तयार व्हायचे. महिनाभरात पिंजरे उतरले. पाट्या ज्यांच्या त्यांना पोचल्या. राहिला एकोणीस नंबर.

आता हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. ते आले तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. त्यांनी सांगितलं, मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "पाटी काढून तुमच्या हातात देतो. भिंतीला लावू झकास." मी म्हटलं, "भिंतीला फोटो आहे. ते नाव रस्त्यावर आहे ते तसंच राहू दे. जन्मभर कुणाच्या पुढं आले नाहीत ते, कुठं नाव छापून आलं नाही, कुठल्या दगडावर नाही. तेवढी एक पाटी आहे." ते म्हणाले, "बाई, झाड जाईल वो." आणि मग मी बोलू नये ते बोलले. "तुमचं माणूस गेलं असतं म्हणजे तुम्हाला कळलं असतं!" शब्द तोंडातून गेला आणि संपत माझ्या डोळ्यासमोर उभा राहिला. सुभेदारांना हे माहीत होतं की मला माहीत आहे. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते "व्हय, बाई," म्हणाले, पायातल्या चपला सरळ केल्या आणि निघून गेले. मी शेंगा फोडत राहिले. दाणे कुठं आणि टरफलं कुठं, सगळं एकत्र झालं.

त्यानंतरच्या रविवारी मी खाली गेले नाही. जायला तोंड नव्हतं, आणि तोंड नसलं की माणूस नाक वर करतो, तसं मी केलं. खिडकीखाली हजेरी सुरू झाली. पंधरा, सोळा, सतरा... मला ऐकवेना. एकोणीस आलं की ते काय म्हणणार? 'गैरहजर' म्हणणार? का मला वगळून सरळ वीस म्हणणार? दोन्ही मला नको होतं. म्हणून "अठरा" ऐकू आलं की मी मिक्सर लावला. शेंगदाण्याची चटणी. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. दाणे वाटून व्हायचे तरी मी रिकामं भांडं फिरवत ठेवायचे, पार हजेरी संपली असेल अशी खात्री होईपर्यंत, आणि बंद केला की तडक मागच्या खोलीत निघून जायचे. त्या थंडीत माझ्या घरात एवढी चटणी झाली की शेजारपाजारचेही नको म्हणायला लागले. सुभेदार रस्त्यात भेटले की "काय बाई, बरं हाय न्हवं?" म्हणायचे. मी "आहे" म्हणायचे. बस्स.

संक्रांतीनंतर साताऱ्याहून फोन आला, लेकीचा पाय मोडला. मी सुटल्यासारखी गेले. तिच्या कॉलनीच्या तोंडाशी रस्त्याकडेला एक लिंब होता, माझ्यापेक्षा जुना दिसायचा. एका दुपारी वारं सुटलं, काही वादळ नव्हे, नुसतं वाळत घातलेले कपडे उडावेत एवढं, आणि तो कडाडकन मोडला. मोडला कुठं? जमिनीत नाही, फांदीत नाही. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सुरीनं कापावा तसा. खाली एक स्कूटर चिरडली, माणसं जमली, भरपाई कुणी द्यायची यावरून वाद सुरू झाला. मी पिशवी हातात धरून त्या मोडलेल्या खोडाकडे बघत होते. आत, लाकडाच्या पोटात, गंजलेली लोखंडी कडी गोल बसलेली होती. बाहेरून तिचा मागमूस नव्हता. पिंजरा कुणाचा होता, कोण जाणे. कुणीतरी प्रेमानंच दिला असणार.

घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं. ती पलंगावर पाय वर करून बसली होती. "मग फोन कर ना आई त्यांना. आत्ता कर." मी म्हटलं, "फोनवर कसलं सांगायचं? समोर जाऊन सांगीन." वाक्य मी ठरवलं होतं, "सुभेदार, माझं चुकलं, आणा तुमची करवत." एवढंच. पण बत्तीस वर्षं समोरच्याच्या चुका काढलेल्या बाईला 'माझं चुकलं' हे दोन शब्द फोनमध्ये बोलणं जमेना. रोज म्हणायचे उद्या. मग म्हटलं आता गुरुवारी जायचंच आहे. माझ्या गुरुवारच्या आधी त्यांचा रविवार आला.

त्यांना गावी नेलं होतं. मी साताऱ्याहून एसटीनं कऱ्हाडला उतरले आणि तिथून कडेगावची गाडी धरली. रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या पंचक्रोशीतले निवृत्त जवान टोप्या घालून आले होते आणि अजून ओळीनंच उभे होते, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मालनवहिनी, त्यांची बायको, अंगणात बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाई, तुमी आला व्हय... त्यास्नी लय बरं वाटलं असतं." मी त्यांच्याजवळ बसले आणि खूप रडले, घरच्यांपेक्षा जास्त रडले. लोकांना वाटलं बाईंचा जीव मोठा. मला ठाऊक होतं मी कशासाठी रडत होते.

दिवसकार्य उरकून मालनवहिनी सांगलीला परत आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले आणि करवत मागितली. त्यांनी पिट्टूच आणून माझ्या पुढ्यात ठेवला. "ह्यातच हाय. तुमी साताऱ्याला गेल्यावरबी दर आयतवारी खांद्याला लावून जायाचं. मी म्हनलं, आवं, बाई न्हाईत तवर कापून टाका की, कोन बघतंय? तर माज्यावरच खवळलं. म्हनलं, त्येंच्या मानसाचं नाव हाय त्यावर. त्येंनीच कापाय पायजे. त्येंच्याबिगार हात लावायचा न्हाई." करवतीबरोबर पिट्टूत सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे होते आणि लाकडाच्या चार-पाच पाचरी. ते कशाला, ते काही मला कळलं नाही.

कळलं ते झाडाशी गेल्यावर. माझ्या खिडकीतून पिंजऱ्याची पाटीची बाजू दिसते, मागची दिसत नाही. मागच्या बाजूनं वरची कडी खोडाला भिडली होती, दोन बोटं आत गेली होती. पण तिथून पुढं जिथं जिथं लोखंड सालीला लागत होतं तिथं तिथं रबराच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला होता, नीट, दोऱ्यानं बांधून. आणि खोड कडीपासून जरा दूर राहावं म्हणून पाचरी ठोकलेल्या. शैला म्हणाली, "दर रविवारी हजेरी झाली की येऊन बदलायचे. रबर कडक होतं ना उन्हानं." म्हणजे ज्या रविवारी मी वर चटणी वाटत होते त्याच रविवारी हा माणूस खाली माझ्या खिडकीतून न दिसणाऱ्या अंगाला उभा राहून माझ्या हट्टाखालून झाड वाचवत होता. मला न दुखवता. पाटीला धक्का न लावता.

करवत मी चालवली. पहिली सळई तुटायला अर्धा तास लागला, पोस्टमन मध्येच "द्या इकडं बाई" म्हणाले, मी दिली नाही. पुढच्या मात्र सगळ्यांनी आळीपाळीनं कापल्या. लिंबाला तेव्हा मोहर होता, धक्क्याधक्क्याला आमच्या डोक्यावर पडत होता. मागचा एक वीतभर तुकडा खोडातच राहिला. तो मी उपसू दिला नाही. पाटी घरी आणली, पुसली आणि ह्यांच्या कपाटात त्यांच्या छत्रीशेजारी ठेवली. खिडकीतून आता नाव दिसत नाही, नुसतं झाड दिसतं. दोन-चार दिवस चुकल्यासारखं वाटलं. मग मी झाडाशीच बोलायला लागले.

सुभेदारांच्या नावानं एक झाड लावून भक्कम पिंजरा आणि पाटी करावी असं गल्लीत निघालं होतं. मालनवहिनींनी हात जोडले. "झाड लावा. पाटी नगं. हाक मारा." चौसष्ट नंबरचा बहावा लागला आहे, भोवती बांबूची साधी जाळी आहे. हजेरी आता शैला घेते. तिलाही सगळं पाठ आहे, दहा वर्षं ऐकून ऐकून. एक नंबरला मालनवहिनी "हजर" म्हणतात.

पहिल्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिले. सतरा झालं, अठरा झालं. शैला म्हणाली, "एकोणीस..." मी ओरडलेच, "हजर!" एवढ्या मोठ्यांदा मी वर्गातसुद्धा कधी बोलले नसेन. पण शैला पुढं जाईना. तशीच थांबली, माझ्या खिडकीकडं बघत. मग जरा वेळानं वीस. मला वाटलं, पोरीला भरून आलं असेल. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. एकोणीस म्हणायचं, मी उत्तर द्यायचं, आणि ही आपली थांबलेली! तिसऱ्या रविवारी हजेरी संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "अगं, मी इथं समोर उभी आहे, टाकोटाक उत्तर देते, मग मध्येच थांबतेस कशाला?"

ती गोंधळली. "सुभेदार थांबायचे ना बाई तिथं. मला वाटलं, ते तसंच घ्यायचं असतं." मी म्हटलं, "कशासाठी थांबायचे?" तिनं माझ्याकडं बघितलं, सांगावं की नको असं. मग म्हणाली, "तुमचा मिक्सर बंद होईपर्यंत. आम्ही म्हणायचो, साहेब, चला की पुढं, थंडी वाजतेय. तर म्हणायचे, थांबा रं, बाईंचं वाटण व्हऊ द्या. कधी कधी लय वेळ चालायचा तुमचा मिक्सर. पण तो थांबेपर्यंत ते वीस म्हणायचे नाहीत. थांबला की खिडकीकडं बघून स्वतःच म्हणायचे, एकोणीस हजर."

"आणि मी साताऱ्याला गेले तेव्हा?"

"तेव्हाही थांबायचे. म्हणायचे, बाई रजेवर हाईत."

मी तिथंच लिंबाला धरून उभी राहिले. मी रिकामं भांडं फिरवत होते... आणि खाली तेवढी माणसं थंडीत उभी, आणि त्या सगळ्यांना थांबवून हा माणूस माझ्या उत्तराची वाट बघतोय, दर रविवारी, आणि मी काही म्हणत नाही म्हटल्यावर माझ्या वतीनं तोच म्हणतोय. संपतच्या वतीनं म्हणायचा तसंच.

शैलाला मी थांबू नको असं सांगितलेलं नाही. ती थांबते, आम्ही सगळेच थांबतो, आणि मग वीस. चटणी आता मी शनिवारी, दिवस मावळायच्या आत वाटून ठेवते.